सहा फलक आणि घरचा डबा : नागपुरातल्या एका अहिल्याबाई प्रदर्शनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नागपूरच्या महाल भागातलं एक जुनं वाचनालय. खाली पेपर वाचायची खोली, वर पन्नासेक खुर्च्यांचं सभागृह, दोन कूलर, त्यातला एक नुसताच घुरघुरतो. अहिल्याबाई होळकरांचा जन्म 31 मे 1725 चा. म्हणजे 31 मे 2024 पासून त्यांचं त्रिशताब्दी वर्ष लागणार होतं. त्या दिवसापासून तीन दिवस चित्रफलकांचं प्रदर्शन लावायचं, असं कार्यकारिणीने मार्चमध्ये ठरवलं. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता होती, त्यामुळे उद्घाटनाला कोणत्या पुढाऱ्याला बोलवायचं हा दरवर्षीचा वाद यंदा झालाच नाही.

मजकूर गोळा करायचं काम अभ्यासिकेत बसणाऱ्या दोन मुलांनी अंगावर घेतलं. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं, हुशार आणि कामसू. आठवडाभरात त्यांनी 24 फलकांचा मजकूर आणि फोटो जमवले. कार्यवाहांनी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. 12 मेला फाइल छपाईवाल्याकडे गेली. मजकूर खरा आहे का हे पाहायचं काम कोणावरच सोपवलेलं नव्हतं.

मी या वाचनालयाची जुनी सभासद. शाळेत पाचवी ते दहावीला इतिहास शिकवून निवृत्त झाले. तज्ज्ञ वगैरे नाही. छापून आलेले फलक कोणत्या क्रमाने लावायचे, एवढंच ठरवायला मला बोलावलं होतं.

अडचण

22 मेच्या संध्याकाळी आम्ही सभागृहाच्या फरशीवर फ्लेक्सच्या गुंडाळ्या सोडल्या. तीन बाय चार फुटांचे फलक, रंग झकास. मी चष्मा लावून एकेक वाचत पुढे सरकत होते आणि चौथ्या फलकाशी थांबले. 'अहिल्याबाईंनी बांधलेलं सोमनाथ मंदिर' या शीर्षकाखाली समुद्राकाठच्या आजच्या भव्य देवळाचा फोटो. ते देऊळ स्वातंत्र्यानंतर उभं राहिलं, 11 मे 1951 ला डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते तिथे प्राणप्रतिष्ठा झाली. अहिल्याबाईंनी 1783 मध्ये बांधलेलं देऊळ जवळच, पण वेगळं आहे, आणि दिसायला कितीतरी साधं.

छपाईवाले भाऊ तिथेच होते. म्हणाले, "मॅडम, सोमनाथ टाइप केलं तं हाच फोटो येते ना." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मोबाईलवर हाच फोटो पुढे येतो.

त्यानंतर मी खुर्ची ओढून बसलेच. रात्री साडेनऊपर्यंत सहा फलक बाजूला निघाले होते.

अडकलेले सहा फलक

सोमनाथाचा सांगितला. दुसरा काशीचा. औरंगजेबाच्या काळात, 1669 मध्ये पाडल्या गेलेल्या काशी विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी 1780 च्या सुमारास पुन्हा उभं केलं, हे बरोबर. पण फलकावर 'सोन्याचा कळस चढवला' असंही होतं. ते सोनं पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांचं, तेही 1830 च्या दशकातलं. अहिल्याबाई जाऊन तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. तिसऱ्या फलकात बाराच्या बारा ज्योतिर्लिंगांची देवळं त्यांनीच बांधली असं ठोकून दिलं होतं. त्र्यंबकेश्वराचं आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांचं, हे आपल्याकडे नाशिकला जाऊन आलेला कोणीही सांगेल.

चौथा जास्त गंभीर होता : 'अहिल्याबाईंनी सतीप्रथा बंद केली.' 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले तेव्हा सासरे मल्हारराव यांच्या विनवणीवरून त्या सती गेल्या नाहीत, हे खरं. पण प्रथा बंद झाली नाही. 1791 मध्ये त्यांची लेक मुक्ताबाई नवऱ्यामागे सती गेली. आईने परोपरीने सांगूनही ती थांबली नाही. बंगाल इलाख्यात सतीबंदीचा कायदा आला तो 1829 मध्ये. तो फलक वाचताना मला मुलांचा रागच आला होता. नंतर वाटलं, मुक्ताबाईबद्दल त्यांना शाळेत कोणी सांगितलं होतं? मी तरी कुठे सांगितलं होतं?

पाचवा राघोबादादांना, म्हणजे माधवराव पेशव्यांच्या काकांना, लिहिलेल्या पत्राचा. 1766 मध्ये मल्हारराव गेले, वर्षाच्या आत नातू मालेरावही गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबांशी संधान बांधलं आणि दौलत हाताखाली घ्यायचा घाट घातला. त्या वेळी अहिल्याबाईंनी पाठवलेलं, बायकांची फौज घेऊन लढायला उभी राहीन असं बजावणारं ते खणखणीत पत्र सगळ्यांना तोंडपाठ असतं. मुलांनी ते अवतरणचिन्हांत, शब्दन् शब्द छापलं होतं. गंमत अशी की त्यांनीच जमवलेल्या तीन ठिकाणच्या मजकुरांत त्या पत्राचे शब्द तीन प्रकारचे होते.

आणि सहावा फलक वासराचा. तोच सगळ्यात सुंदर झाला होता. मालेरावाच्या रथाखाली वासरू सापडतं, गाय रस्त्यात बसून राहते, अहिल्याबाई मुलालाही तीच शिक्षा फर्मावतात, स्वतः रथावर चढतात आणि तीच गाय रथापुढे आडवी येते. ही गाय 'आडवी' आली म्हणून इंदुरात 'आडा बाजार', असंही लोक सांगतात. पण हीच गोष्ट तमिळनाडूत मनुनीती चोळ राजाची म्हणून सांगतात, आणि श्रीलंकेच्या 'महावंस' या पाली ग्रंथात एळार राजाची म्हणून येते. गाय, वासरू, राजपुत्र, रथ, सगळं तेच. मालेराव वेडाच्या भरात आजारी पडून गेला. जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी 1818 नंतर माळव्यात होता, त्याने अहिल्याबाईंना पाहिलेल्या माणसांकडे चौकशी करून 1823 मध्ये लिहिलं. आईनेच मुलाला मारवलं ही कुजबुज त्याच्याही कानावर आली होती. तिचा त्याने मुद्दाम तपास केला आणि ती खोटी ठरवली. म्हणजे आपण जी गोष्ट न्यायनिष्ठुरतेची म्हणून कौतुकाने छापत होतो, तिच्या शेजारीच ही बदनामी उभी होती. हे मला स्वतःलाही त्या आठवड्यातच नीट कळलं.

समोर असलेले पर्याय

23 मेला बैठक झाली. उद्घाटनाला आठ दिवस.

अध्यक्षांचं म्हणणं सरळ होतं. "आता कायले घोळ करता जी? लोक श्रद्धेनं येतात, तपासाले कोण येते?" फलक जसे आहेत तसे लावा, पुढच्या वेळी पाहू. हा पर्याय फुकटचा होता आणि निम्म्या खोलीला पटलाही होता.

कार्यवाहांना सहाही फलक काढून 18 वर भागवायचं होतं. पण मग काशी, सोमनाथ आणि राघोबा नसलेलं अहिल्याबाईंचं प्रदर्शन! लोकांनी दारातच विचारलं असतं. छपाईवाल्या भाऊंनी चुकीच्या ओळींवर स्टिकर चिकटवायचं सुचवलं. ते स्वस्त होतं, पण फोटोवर स्टिकर कसं लावणार? तारीख पुढे ढकलावी असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्याला कोणीच उत्तर दिलं नाही.

शेवटी मुलांपैकी एक बोलला. तोवर तो मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, चुका काढून टाकल्या तर फलक रिकामे होतील, मग खरं काय होतं ते टाकायला जागा मिळेल ना? पाच फलक नव्याने लिहून छापायचे असं त्या वाक्यावर ठरलं. वासराच्या फलकाचं काय, हे मात्र त्या दिवशी लटकतच राहिलं. भाऊंनी निम्म्या पैशात छापून द्यायचं कबूल केलं.

पहिला निर्णय : रिकाम्या जागेत काय लिहायचं

पुढचे चार दिवस आम्ही तिघं, मी आणि ती दोन मुलं, होळकरशाहीची छापील कागदपत्रं आणि माल्कमचा वृत्तांत घेऊन बसलो. दुपारी कूलरसमोर, संध्याकाळी गच्चीवर. माझं मत तिथे बदललं. आधी मला वाटत होतं की चुका दुरुस्त केल्या की काम संपलं. पण चुकीच्या ओळी खोडल्यावर उरलेला मजकूरही पोकळच दिसायला लागला. देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा यांची लांबलचक यादी, आणि हे सगळं जमलं कसं याबद्दल एक अक्षर नाही.

काशी घ्या. ते शहर काही होळकरांच्या मुलखात नव्हतं. 1775 पासून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या वर्चस्वाखाली होतं. गयेला त्यांनी विष्णुपद मंदिर बांधलं 1787 मध्ये. बिहारची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, 1765 पासूनच कंपनीकडे. सोमनाथ तर पार सौराष्ट्रात. जिथे आपलं राज्य नाही तिथे देऊळ बांधायचं, वर पूजा, अन्नछत्र, डागडुजी वर्षानुवर्षं चालवायची, दक्षिणेतल्या देवस्थानांना गंगेच्या पाण्याच्या कावडी पाठवायच्या. हे पैसे कुठून यायचे? नर्मदाकाठच्या राजधानीतून, महेश्वराहून, ही व्यवस्था हलत कशी होती?

याचं उत्तर 'खासगी' या शब्दात आहे. होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. एक दौलत : फौज, किल्ले, कारभार, आणि पेशव्यांना द्यायचा हिशेब. दुसरा खासगी : मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांनी करून दिलेल्या इनाम महालांपासून, म्हणजे परगण्यांपासून, वाढत गेलेलं घरचं उत्पन्न. अहिल्याबाईंचा धर्मादाय मुख्यतः या दुसऱ्या थैलीतून झाला. फौज तुकोजी होळकरांकडे होती, उत्तरेत आणि दक्षिणेत मोहिमा चालू असत, आणि पैशांवरून दोघांची कुरबुरही होई. तरी दोन हिशेब दोनच राहिले.

हे आम्ही नव्या फलकावर लिहिलं. शीर्षक दिलं 'दौलत आणि खासगी'. मुलांना ते शीर्षक रटाळ वाटलं, आणि ते होतंच.

सतीच्या फलकाच्या जागी मुक्ताबाईचा फलक आला. त्याच फलकात दुसरी हकिकत घेतली, कारण विधवांसाठी अहिल्याबाईंनी काय केलं हे सांगायचं तर तिथे हात धरायला ठोस काहीतरी होतं. निपुत्रिक माणूस गेला की त्याची मालमत्ता सरकारजमा करायची किंवा दत्तकाला परवानगी देताना नजराणा उकळायचा, हा त्या काळचा रिवाज. त्यांनी तो मोडला. माल्कम सांगतो, इंदूरचा एक श्रीमंत सावकार मूलबाळ नसताना गेला तेव्हा तुकोजींनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराची विधवा दाद मागायला महेश्वरला गेली. अहिल्याबाईंनी तिला वस्त्रं देऊन मालकीण म्हणून कायम केलं आणि तुकोजींना शहरापासून तळ हलवायला सांगितलं.

राघोबांच्या फलकावरची अवतरणचिन्हं काढली, पत्राचा आशय 'असं सांगतात' म्हणून ठेवला, आणि नागपूरकरांना आपलासा वाटेल असा एक धागा त्यात आला. माल्कमच्या वृत्तांताप्रमाणे महादजी शिंदे आणि नागपूरचे जानोजी भोसले या दोघांनीही होळकरांच्या सुनेविरुद्ध राघोबांना साथ द्यायला नकार दिला. थोरल्या माधवराव पेशव्यांचाही कौल अहिल्याबाईंच्याच बाजूने होता. महालात प्रदर्शन आणि फलकावर जानोजी. अध्यक्षांचा विरोध त्या दिवशी संपला.

सगळं गोडगोड नव्हतं, आणि तसं दाखवायचंही नव्हतं. रामपुऱ्याच्या चंद्रावत राजपुतांनी बंड केलं तेव्हा अहिल्याबाईंनी ते कठोरपणे मोडलं. उलट भिल्लांच्या बाबतीत दटावणीबरोबर समजूतही केली : डोंगरातून जाणाऱ्या मालावर कर घ्यायचा त्यांचा जुना हक्क, भीलकवडी, मान्य केला आणि बदल्यात वाटा सुरक्षित ठेवायची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात घातली. कार्यवाहांना चंद्रावतांचा उल्लेख नको होता. मी हट्ट धरला. आज वाटतं, एका ओळीसाठी मी नको तेवढी वादावादी केली.

दुसरा निर्णय : वासरू

26 मेला धनगर समाजातले एक वयस्कर गृहस्थ वाचनालयात आले. नागपुरात दर जयंतीला पुढाकार घेणाऱ्यांपैकी. आम्ही सगळे त्यांना आजोबाच म्हणतो. वासराचा फलक काढणार ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते शांतपणे बसले, पाणी घेतलं, आणि मला म्हणाले, "बाई, मले माह्या आजीनं सांगतली ते गोष्ट तुम्ही खोटी म्हणता काय जी?"

इथे मी चूक केली. त्यांना आजीबद्दल विचारायच्या ऐवजी मी चोळ राजा काढला, श्रीलंका काढली, एळार काढला. पाच मिनिटं बोलले असेन. आजोबा म्हणाले, "म्हणजे आमची गोष्ट चोरीची."

मी गप्प झाले. त्या दोन मुलांपैकी धाकटा मात्र वही घेऊन त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, आजोबा, तुमच्या आजीनं कशी सांगितली ते सांगा ना. आजोबांनी अर्धा तास ती गोष्ट सांगितली. त्यात आम्ही छापलेल्या फलकात नसलेल्या कितीतरी गोष्टी होत्या. मेंढरं घेऊन गावोगाव हिंडताना रात्री शेकोटीशी ती सांगितली जाई, गाईच्या जागी कधी मेंढीही यायची, आणि शेवटी ऐकणाऱ्या पोरांनी 'मग?' विचारलं की आजी म्हणायची, "मग राज्य चाललं."

त्यातून मार्ग निघाला. लोकांनी सांगितलेल्या गोष्टी वेगळ्या भिंतीवर लावायच्या. त्या कोणी, कुठे, कशा ऐकल्या ते खाली लिहायचं, आणि कागदपत्रांतल्या गोष्टींशी त्यांची सरमिसळ करायची नाही. दोन्हींचा रंग वेगळा हवा, हे मी सुचवलं. पिवळा रंग आजोबांनी निवडला. भंडाऱ्याचा, म्हणजे देवाच्या हळदीचा रंग. मला आधी वाटलेला फिकट राखाडी त्यांनी ऐकूनही घेतला नाही, आणि बरंच झालं. राखाडीवर छापली असती तर त्या गोष्टीला आम्ही कमी लेखतो हे लांबूनही दिसलं असतं.

एक बारीक पण खरा पेच राहिला. बाद झालेल्या फ्लेक्सचं काय करायचं? आपल्याकडे जुन्या फ्लेक्सचा गच्चीवरच्या कूलरवर घालायला, पावसात मांडव झाकायला सर्रास उपयोग होतो. पण त्यावर अहिल्याबाईंचं चित्र. आजोबांच्या सांगण्यावरून प्रत्येक फलकातलं चित्र कापून कपाटात ठेवलं, आणि उरलेला मजकूर कूलरवर गेला.

प्रदर्शनाचे तीन दिवस

31 मे, शुक्रवार. ऐन नवतपा, मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस. आदल्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश तापमानाची नोंद झाली आणि तो आकडा तासाभरात देशभर फिरला. नंतर हवामान खात्याने सेन्सरची चूक असल्याचं सांगितलं. उद्घाटनाला आलेल्यांत अहिल्याबाईंपेक्षा 56 ची चर्चा जास्त. फलकांतल्या चुका शोधण्यात आठ दिवस घालवलेल्या मला त्यात काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

दुपारी कोणी फिरकलं नाही. उन्हाने भिंती तापल्या, दुहेरी टेप सुटला, दोन फलक घडाघड खाली आले. शाळांना सुट्ट्या, विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या अखेरीस, त्यामुळे मुलंही नाहीत. खरी माणसं आली ती संध्याकाळी सहानंतर.

पिवळ्या भिंतीपाशी गर्दी आणि पांढऱ्या फलकांपाशी चार माणसं, असं तिन्ही दिवस दिसत होतं. मला आधी त्याचं वाईट वाटलं. मग दुसऱ्या दिवशी इतवारीतले एक किराणा व्यापारी 'दौलत आणि खासगी' च्या फलकापुढे बराच वेळ उभे राहिले आणि बरोबरच्या मुलाला म्हणाले, "समजलं का? दुकानाचा गल्ला वेगळा, घरचा डबा वेगळा. या बाईनं डब्यातून देवळं बांधली, गल्ल्याले हात नाही लावला."

चार दिवस कागद चाळून मी जे तीन परिच्छेदांत लिहिलं होतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्यात थोडी चूकही होती. गल्ल्याला कधीच हात लागला नाही असं शपथेवर कोणी म्हणू नये. पण गाभा अचूक होता.

दुसरी एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नसती तर बरं झालं असतं. पहिल्या फलकावर आम्ही जन्मगाव लिहिलं होतं 'चौंडी, ता. जामखेड', जिल्ह्याचं नाव गाळून. राज्य मंत्रिमंडळाने अहमदनगरच्या अहिल्यानगर या नव्या नावाला मार्चमध्ये मंजुरी दिली होती, पण बदल अजून अंमलात यायचा होता. एका आजींनी नेमकं विचारलं, "जिल्हा कोणता?" मी म्हटलं, दोन्ही. त्या हसल्या आणि पुढे गेल्या.

निष्पत्ती

प्रदर्शन संपलं तेव्हा नोंदवहीची सहा पानं भरली होती. चुकीबद्दल एकही तक्रार नाही. तीन जणांनी आपल्या घरी ऐकलेल्या वेगळ्या गोष्टी वहीतच लिहून दिल्या.

13 ऑगस्टला, अहिल्याबाईंच्या निधनाच्या तारखेला (त्या 1795 मध्ये महेश्वरात वारल्या, वय सत्तर), आम्ही ते पुन्हा लावलं. या वेळी जवळच्या तीन शाळांतली मुलं आली. तीन बदल केले. 'दौलत आणि खासगी' हे शीर्षक काढून 'गल्ला आणि डबा' केलं आणि तो फलक दाराशी आणला. पिवळी भिंत मोडून प्रत्येक पिवळा कागद त्या त्या पांढऱ्या फलकाच्या शेजारी लावला, म्हणजे वासराची गोष्ट वाचणाऱ्याच्या नजरेला मालेरावाच्या आजारपणाची हकिकत आपोआप पडे. आणि मुक्ताबाईच्या फलकाजवळ एक शिक्षिका उभी राहील असं पाहिलं, कारण जूनमध्ये एक लहान मुलगी तो वाचून रडवेली झाली होती आणि तिला काय सांगावं हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

महेश्वरी लुगड्याचा फलक मी मुद्दाम उशिरा सांगते आहे, कारण तो आमच्या हातून कच्चा राहिला. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून महेश्वरात वसवले आणि तो धंदा अजून चालू आहे. त्यांच्या उभारलेल्या गोष्टींपैकी आज रोज संध्याकाळी कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोचणारी हीच. आम्ही मात्र एक फोटो आणि चार ओळी टाकून मोकळे झालो. प्रत्यक्ष एक लुगडं टांगलं असतं तर बायका तिथून हलल्या नसत्या.

पुन्हा करायचं झालं तर

मजकूर छपाईला जाण्याआधी कोणीतरी एकाने, नाव लिहून, 'हे मी तपासलं' अशी सही करावी. आमच्याकडे आता ती पद्धत आहे आणि कार्यवाह तिच्यावर वैतागलेले असतात.

31 मेला नागपुरात प्रदर्शन लावू नये. जयंतीला हार घालावा, फलक ऑगस्टमध्ये लावावेत. हे मी बैठकीत दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा मंडळींनी मान डोलावली आणि पुढच्या वर्षीचं नियोजन मेचंच झालं.

आजोबांकडे मी आधीच जायला हवं होतं. ते येईपर्यंत थांबले, तिथेच चार दिवस वाया गेले. शिवाय आम्ही 'महाराणी' हा शब्द काढून 'मातोश्री' केला, कारण तेव्हाच्या पत्रव्यवहारात तोच मान दिसतो आणि होळकर रीतसर पेशव्यांचे सुभेदार होते. हा बदल मला अजून योग्य वाटतो, पण तोही कोणाला न विचारता केला. काहींना तो दर्जा उतरवल्यासारखा वाटला, आणि त्यांची समजूत काढायला मी तिथे नव्हते.

13 ऑगस्टच्या दुपारी सातवीतल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न अजून मिटलेला नाही. पोळा तीन आठवड्यांवर होता आणि महालात मारबतीचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळायच्या पुतळ्यांचे, बांबू बांधायला लागले होते. ती म्हणाली, "बाई, काळी मारबत पण राणीचीच असते ना? मग तिला जाळतात का?" 1881 पासून निघणारी काळी मारबत म्हणजे भोसल्यांच्या घरातली बाकाबाई, इंग्रजांना मिळालेली, असं नागपुरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. दुसऱ्या रघुजींची ही पत्नी. 1818 मध्ये अप्पासाहेबांना पदच्युत केल्यावर लहानग्या तिसऱ्या रघुजींची पालक म्हणून तिने इंग्रज रेसिडेंटाच्या सावलीत दरबार सांभाळला. एक बाई भंडाऱ्यात, दुसरी होळीत. मुलीला मी एवढंच सांगितलं की शोधून सांगते.

पंचविसावा फलक बाकाबाईचा करायचा, असं मुलांनी ठरवलं आहे. पांढऱ्या कागदावर काय लिहायचं यावर दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीला आजोबा आले होते. ते म्हणाले, "आधी इतवारीतल्या म्हाताऱ्यायले जाऊन विचारा, मग लिहा." धाकटा मुलगा वही घेऊन गेला आहे.